भाऊबीजेचं तेल

गेल्या दिवाळीच्या आधी मी माझ्या डॉक्टरांशी खोटं बोलले. सत्तावीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, उत्तरं ढापणाऱ्या पोरांच्या वह्या तांबड्या शाईने रंगवल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर जिवाशी गाठ असलेल्या प्रश्नाला मी स्वतःच धडधडीत चुकीचं उत्तर दिलं.

छातीच्या कॅन्सरवर माझी केमो चालू होती. दर एकवीस दिवसांनी एक डोस. तिसरा डोस झाला आणि दिवाळी नेमकी त्यानंतरच्या दहाव्या-बाराव्या दिवशी आली. डॉक्टर तसे हसतमुख गृहस्थ, पण त्या दिवशी ते हसले नाहीत. म्हणाले, "याच दिवसांत तुमच्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. ताप शंभर पॉइंट चार झाला की गोळी घ्यायची नाही, वाट बघायची नाही, तासाभरात इथं यायचं. उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही. माहेर कुठं तुमचं?"

"इस्लामपूर," मी म्हटलं. "पाऊण तास."

माझं माहेर इस्लामपूरला नाही. ते साताऱ्याच्याही पुढे, खंबाटकी ओलांडून शिरवळच्या वाटेवर आहे. मिरजेजवळच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरापासून गाडीने साडेतीन तास, सणासुदीला चार. पण इस्लामपूर वाटेत लागतं, म्हणून ते तोंडात आलं. आमचे हे तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होते. वर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "जा म्हणाले. तापाकडं लक्ष ठेवा, एवढंच." त्यांनी विश्वास ठेवला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, न ठेवण्याचं कारण नव्हतं.

खोटं बोलले ते भावासाठी. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान, फौजेत. चार वर्षं त्याला दिवाळीची रजा मिळाली नव्हती, ती या दिवाळीला मिळाली होती. आईने फोनवर सांगितलं, "यंदा तरी ये गं बाई. समदी एकत्र दिसाल." वहिनी म्हणाली, "यंदा भाऊबीज चुकवू नका, आक्का." ह्यांनीसुद्धा कपडे भरताना म्हटलं, "यंदा जाऊन येऊ." पुढच्या वर्षीचं कुणीच बोलत नव्हतं. आमच्या घरात दिवाळीतच पुढच्या दिवाळीच्या चकलीच्या भाजणीचं प्रमाण ठरतं, आणि या वेळी सगळे असे यंदापाशी येऊन थांबत होते. ते मला ऐकू येत होतं.

भीतीबद्दल लोक काहीबाही लिहितात. माझी भीती साधी होती. जिभेखाली थर्मामीटर धरायचा आणि तो टीं वाजेपर्यंत थांबायचं. दर तीन तासांनी मी मेले आणि दर तीन तासांनी आकडा बघून जिवंत झाले. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. एकदा नव्याण्णव आला तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले, तोंडावर पदर धरून. पाच मिनिटांनी परत बघितला तर अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. बाहेर आले आणि वहिनीला म्हटलं, "चहा टाक."

वहिनी बिचारी माझ्या धाकात होती. ह्यांनी तिला फोनवर सूचना देऊन ठेवल्या होत्या, त्यामुळे ती दिसेल ते उकळत होती. माझं पाणी, माझी ताटवाटी, माझा चमचा. लाडू उकळता येत नाहीत याचं तिला खरोखर वाईट वाटलं असावं. मला वेगळी खोली दिली होती. दाराशी माझ्या एकटीच्या चपला, तोंडाला मास्क, डोक्याला सुती रुमाल. केस दुसऱ्या डोसलाच गेले होते.

खरी भीती बाहेरच्या रोगाची नव्हती, घरच्या मायेची होती. पाडव्याच्या सकाळी आईने अंगणात शेणाच्या गवळणी घातल्या. आमच्याकडे ही पद्धत आहे: शेणाची छोटी छोटी माणसं, गाया, मध्ये ताक घुसळणारी बाई, वर झेंडूच्या पाकळ्या. लहानपणापासून ती ताकवाली करायचा मान माझा. या वेळी मी खिडकीच्या आतून बघत होते. आईने ताकवाली केली, माझ्याकडे बघितलं, आणि हात तसाच घेऊन उठून खोलीत आली. मी काही म्हणायच्या आत माझ्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"आई, हात!" मी ओरडले.

"आगं, श्यान हाय ते. लक्ष्मी हाय. त्यानं काय हुतंय?"

मी मोरीवर जाऊन साबणाने तोंड खसाखसा धुतलं. तीनदा. चौथ्यांदा साबण लावताना दारात आई उभी दिसली. ती आपले हात लुगड्याला पुसत राहिली. त्र्याऐंशी वर्षांची बाई. तिच्या हाताची मला भीती वाटली, हे लिहितानाही मला लाज वाटते.

भाऊ लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आला होता. दोन दिवस रेल्वेत बसून. मला वाटलं होतं, येईल, दारातूनच ओरडेल, "आक्का, टक्कल दाखव!" तो तसाच आहे. आमचं दोघांचं सगळं आयुष्य भांडणात गेलं. भाऊबीजेला आमच्यात बहिणीने भावाला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं असतं, आणि त्या पाटावर आमची दरवर्षी लढाई. मी पाठ रगडायची, तो बोंबलायचा, "आवं आई, ही सालपटं काढाय लागलीया!" मी त्याचा कान धरायची, तो माझ्यावर तांब्याने पाणी उडवायचा. रजा नसेल त्या वर्षीसुद्धा फोनवर भांडून घ्यायचो.

या वेळी तो अंगणातूनच म्हणाला, "बरी हाईस न्हवं, आक्का?" आणि गोठ्याच्या कडेला बाजेवर जाऊन बसला. दोन दिवस तो तिथंच. जेवण तिथं, चहा तिथं, फौजेचं जाड जाकीट अंगात. मी खिडकीतून म्हटलं, "आत ये की, खोलीच्या दाराशी बस." म्हणाला, "व्हय आक्का, येतो." आला नाही. मी म्हटलं, "मिशी कापून टाक, चोरासारखी दिसतीया." जन्मात त्याने मिशीवरचा शब्द ऐकून घेतला नव्हता. म्हणाला, "व्हय आक्का."

ते "व्हय आक्का" ऐकून मला जेवढी भीती वाटली तेवढी डॉक्टरांच्या बोलण्याने वाटली नव्हती. माणूस एवढं कुणाचं ऐकून घेतो? एक तर पाहुण्याचं, नाही तर चाललेल्या माणसाचं. मला वाटलं, याने मला मनातून पोचवून टाकलंय. फौजेत त्याने माणसं जाताना बघितली आहेत, त्याला चेहरा ओळखता येत असणार. म्हणून तो माझ्याजवळ येत नाही. त्या दुपारी मी आरशात स्वतःचा चेहरा बराच वेळ बघितला. भुवया गेलेल्या, कातडी पिवळट. काय दिसलं असेल त्याला, ते शोधत राहिले.

भाऊबीजेच्या सकाळी वहिनीने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, बंबात पाणी तापवलं. मी मास्क लावून, हात साबणाने धुऊन तेलाची वाटी घेऊन आले. तेल कोमट होतं. भाऊ पाटाजवळ उभाच.

"आक्का, यंदा तेल राहू दे. लांबनंच ओवाळ. तुला बरं न्हाई."

यंदा! माझं डोकं फिरलं. दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. "का? माझ्या हाताला काय झालंय? माझा रोग चिकटत नाही कुणाला. गप बस पाटावर!"

"तसं न्हाई गं…"

"बस म्हणते ना!"

माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो, तो गोठ्यापर्यंत गेला. आईही म्हणाली, "बस रं बाबा. येवढ्या लांबनं आलीया पोरगी." तो बसला. जाकीट काढलं, बनियन काढला, मान खाली घातली. मी तळव्यावर तेल घेतलं आणि त्याच्या पाठीवर हात टेकवला.

पाठ तव्यासारखी तापली होती.

मी हात उचलला नाही. का नाही उचलला, मला सांगता येत नाही. क्षणभर वाटलं, उन्हात बसून तापली असेल. मग मानेवर हात ठेवला. मग कपाळावर. थर्मामीटर जिभेखाली धरून धरून मला आता आकडे हाताला कळत होते. ताप एकशे दोनच्या खाली नव्हता.

"कधीपासून?"

त्याने जाकीट ओढून घेतलं.

"कधीपासून रं?"

"गाडीतच आला," तो मान वर न करता म्हणाला. "गोळ्या खातोय. उतरतोय, पुन्हा चढतोय. म्हणून तर लांब बसलो हुतो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस माघारी. यंदाची भाऊबीज चुकली असती." मग जरा थांबून म्हणाला, "मला वाटलं, लांबनं ओवाळून घिऊ. कुणाला कळतंय."

वहिनीने हातातला तांब्या खाली ठेवला. आई म्हणाली, "काय झालं? काय झालं गं?" आणि मी तेलाचे हात समोर धरून अंगणाच्या मध्ये उभी. हात कशाला पुसावेत तेही सुचेना. तो माझ्यापासून लांब राहायला बघत होता आणि मीच त्याला हुकूम सोडून पाटावर बसवलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ती अति शहाणी मी होते.

ह्यांनी पाच मिनिटांत गाडी काढली. ओवाळणं झालं ते असं: तो पाटावर अंगणात, मी उंबऱ्याच्या आत, मध्ये चांगलं पंधरा फुटांचं अंतर, आणि मी निरांजन हवेत फिरवतेय. आई रडत होती. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी गाडीत बसले तेव्हा कोपरापर्यंत तेलाचा वास येत होता, तीनदा हात धुऊनही.

खंबाटकीच्या घाटात गाड्यांची रांग होती. भाऊबीजेला सगळा महाराष्ट्र बहिणीकडे निघालेला. साताऱ्यात थर्मामीटर लावला, नव्याण्णव पॉइंट दोन. उंब्रजला नव्याण्णव पॉइंट आठ. मी ह्यांना आकडे कमी करून सांगत होते. एकदा खोट्याची सवय लागली की लागते. कराडच्या अलीकडे थंडी वाजायला लागली. भर अकराच्या उन्हात काचा बंद करून मी शाल ओढून घेतली आणि दात वाजू नयेत म्हणून पदर दातांत धरला. थर्मामीटर टीं वाजला. शंभर पॉइंट सहा.

ह्यांनीच दवाखान्यात फोन लावून माझ्या हातात दिला. डॉक्टर म्हणाले, "इस्लामपूरलाच आहात ना? मग अजिबात थांबू नका, लगेच निघा. पाऊण तासात पोचाल. मी खाट तयार ठेवायला सांगतो." फोनचा आवाज मोठा होता. मी "हो" म्हटलं.

ह्यांनी गाडी बाजूला घेतली. "इस्लामपूर?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, डॉक्टरांना पुन्हा लावला आणि खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कराडमध्येच एखाद्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. मी हट्ट धरला. माझी फाईल तिथं, माझे डॉक्टर तिथं, मला अनोळखी खाटेवर मरायचं नाही. मरायचं हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हा मोठ्याने उच्चारला. ह्यांनी गाडी सुरू केली.

पेठ नाक्याला वळलो आणि इस्लामपूरच्या अलीकडे अडकलो. कारखान्यांचा हंगाम नुकताच सुरू झालेला. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर रांगेने उभे, पुढे एका ट्रॉलीचा टायर फुटलेला. मागे जायला वाट नाही, पुढे जायला वाट नाही. डॉक्टरांच्या लेखी चार दिवस मी जिथं होते, तिथं आता खरोखर बसले होते, अंगात एकशे एक पॉइंट चार घेऊन. खोट्याच्या कपाळी गोटा, हे मी किती पोरांना फळ्यावर लिहायला लावलं असेल. हे खाली उतरून पळत पुढे गेले. मी त्यांना ट्रॅक्टरवाल्यांच्या पाया पडताना काचेतून बघितलं. हा माणूस कधी रिक्षावाल्याशीसुद्धा चढ्या आवाजात बोललेला नाही. मला वाटलं, आता इथंच संपणार, उसाच्या ट्रॉलीमागे, आणि याचं सगळं पाप माझ्या भावाच्या डोक्यावर जाणार. तो आयुष्यभर म्हणणार, मी मारली. त्या विचाराने मी जास्त घाबरले.

अर्ध्या तासाने वाट झाली. आष्टा मागे पडल्यावर हे पहिल्यांदा बोलले. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "मला तरी खरं सांगायचंस."

पुढचे दोन दिवस मला धड आठवत नाहीत. हातात सुया, वर बाटल्या, कुणीतरी सारखं नाव विचारतंय. तिसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "आता कुठं राहता ते खरं सांगा, डिस्चार्जच्या कागदावर लिहायचंय." मग गंभीर होऊन म्हणाले, "भावाकडूनच आला असं सांगता येत नाही. या दिवसांत आपल्याच अंगातले जंतू उठतात. बाहेर कुणी आजारी नसलं तरी." अजून पाच डोस बाकी होते. म्हणजे असे दहावे-बारावे दिवस अजून पाचदा यायचे होते. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. भाऊ होता. "खिडकीत ये."

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर होती. सलाईनचा दांडा ढकलत खिडकीशी गेले. खाली फाटकाजवळ कडुनिंबाखाली तो उभा होता, पाठीवर मोठी पिशवी, अंगात तेच जाकीट. त्याची रजा संपली होती. मिरजेहून गाडी होती. त्याला वर सोडत नव्हते आणि तो हट्टही करत नव्हता.

मला त्याला सांगायचं होतं की तुझ्यामुळे झालं नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. पण ह्यांच्याकडून त्याला सगळं कळलं होतं, त्याने तोंड उघडूच दिलं नाही.

"डाक्टरला खोटं बोललीस?" तो खालून ओरडला. फोनची गरजच नव्हती. "इस्लामपूर म्हणालीस? आक्कल हाय का तुला? मास्तरीन हाईस का कोन हाईस?"

"आणि तू? गोळ्या खाऊन ताप लपवलास! ते शहाणपण?"

"मी लांब बसलो हुतो! तूच वरडलीस, बस म्हणून!"

"तू तोंडाने सांगायचं होतंस! तोंड नाही तुला? नुसतं व्हय आक्का, व्हय आक्का! मला वाटलं, तू मला पोचवूनच बसलायस!"

फाटकाजवळची माणसं वर बघायला लागली. एक नर्स धावत आली, "मावशी, हळू, पेशंट झोपलेत." मी हळू झाले नाही. माझा रुमाल सुटून खांद्यावर आला होता आणि मी उघड्या डोक्याने खिडकीत उभी राहून भांडत होते. भीती गेली नव्हती, ती तिथंच होती, पाच डोसांएवढी. पण भांडायला माणूस समोर होता.

तेवढ्यात माझं डोकं त्याला दिसलं. त्याने बाहीने नाक पुसलं, पिशवी सावरली. मग फोन कानाला लावून, खालच्या आवाजात म्हणाला, "पुढच्या वर्षी येतोय मी. रजा टाकून ठिवतो. तेल तूच लावायचंस, सालपटं निघंस्तोवर. मधी मेलीस तर बघ. सांगून ठिवतोय, आक्का."

माझ्याशिवाय मरणाचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. त्याने काढलं, आणि पुढचं वर्षही त्यानेच काढलं. मला नेहमीसारखं उलट बोलायचं होतं. जमलं नाही.

"व्हय रं," मी म्हटलं.